दर महिन्याला नवे वर्गणीदार येतात, तरी उत्पन्न का थांबतं?

लेखक, पॉडकास्टवाले, चित्रकार, संगीतकार, एखादा विषय शिकवणारे अशी बरीच मंडळी आता थेट वाचक-श्रोत्यांकडून दरमहा पैसे घेऊन काम करतात. "नोकरी सोडली, आता फक्त वर्गणीदारांच्या भरवशावर" अशा घोषणा अधूनमधून दिसतात, लोक अभिनंदन करतात. वर्ष-दीड वर्षानं त्यांतल्या अनेकांची तक्रार जवळपास सारखीच असते. काम तेवढंच चाललंय, दर्जा तोच आहे, दर महिन्याला नवे लोकही पूर्वीइतकेच येतात, पण एकूण आकडा जागचा हलत नाही. मग अल्गोरिदम बदलला, लोक कंटाळले, बाजारात गर्दी झाली अशी कारणं शोधली जातात. ती कधीकधी खरीही असतात. पण पुष्कळदा काहीच बिघडलेलं नसतं. वर्गणीच्या उत्पन्नाचं गणितच तसं आहे, आणि कोणी ते आधी सांगत नाही.

हा व्यवहार नेमका काय आहे?

जाहिरातीच्या उत्पन्नात पैसे देणारा जाहिरातदार असतो. तुमचा प्रेक्षक त्याला हवा असतो, म्हणून त्याचे पैसे तुमच्यापर्यंत पोचतात. तिथे लाखो लोकांनी ओझरतं पाहिलं तरी चालतं. वर्गणीत पैसे देणारा आणि वाचणारा एकच असतो. त्यामुळे माणसं थोडी लागतात, पण त्यांनी थांबावं लागतं.

ही पद्धत नवी नाही. अठराव्या शतकात युरोपात पुस्तक छापण्याआधी वर्गणीदार गोळा केले जात आणि त्यांच्या नावांची यादी पुस्तकातच छापली जाई. आता फरक पडला तो वसुलीत. छोटी रक्कम, दर महिन्याला, जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून आपोआप वळती करून घेणं पूर्वी परवडत नसे. २०१३ मध्ये सुरू झालेलं पॅट्रिऑन आणि २०१७ मध्ये आलेलं सबस्टॅक या ऑनलाइन मंचांनी ही वसुली एकट्या माणसाच्या आवाक्यात आणली. पॅट्रिऑनच्या दोन संस्थापकांपैकी जॅक कॉन्टी स्वतः संगीतकार. व्हिडिओ लाखोंनी पाहिले जाऊनही जाहिरातीतून हाती येणारी रक्कम किरकोळ, हा त्याचा अनुभव या कंपनीच्या मुळाशी होता.

एक शब्द फक्त समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: गळती. एका महिन्यात शंभर वर्गणीदारांपैकी जितके जण वर्गणी बंद करतात, तो गळतीचा दर. इंग्रजीत याला 'चर्न' म्हणतात आणि या धंद्यातली माणसं तोच शब्द वापरतात. आपण गळतीच म्हणू.

नळ चालू, पण तळाशी भोक

टाकी भरायला नळ सोडलाय आणि टाकीच्या तळाशी भोक आहे असं समजा. सुरुवातीला टाकीत पाणी कमी, म्हणून भोकातून जाणारी धारही बारीक. पाणी चढत जातं तसा तळाशी दाब वाढतो आणि धार जाड होते. एका उंचीला येणारं आणि जाणारं पाणी सारखं होतं. नळ तेवढ्याच जोरानं वाहत असतो, पण पातळी तिथून वर सरकत नाही.

आता हेच माणसांच्या आकड्यांत. समजा दर महिन्याला २० नवे वर्गणीदार येतात आणि गळती ५ टक्के आहे. तुमच्याकडे १०० वर्गणीदार असतात तेव्हा महिन्याला ५ जातात. निव्वळ वाढ १५. दोनशे झाले की १० जातात, वाढ १०. तीनशेला १५ जातात, वाढ ५. चारशेवर पोचलात की २० येतात आणि २० जातात. संपलं. चारशे हा तुमचा माथा.

हा माथा काढायला कॅल्क्युलेटरही लागत नाही: महिन्याचे नवे वर्गणीदार भागिले गळतीचा दर. २० भागिले ५ टक्के म्हणजे ४००. गळती १० टक्के असेल तर माथा २००. गळती अडीच टक्क्यांवर आणली तर ८००. म्हणजे भोक अर्धं बुजवलं तर तेवढाच फायदा होतो, जेवढा नळ दुप्पट सोडून झाला असता. नळ दुप्पट करणं किती अवघड असतं हे ज्यांनी प्रयत्न केलाय त्यांना विचारा. तरीही बहुतेकांचा सगळा जीव नळातच अडकलेला असतो. नवा वर्गणीदार आला की फोनवर टिंग वाजतं; एखादा गेला की त्याचा आवाज होत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

या गणितातली खरी फसगत वेळेची आहे. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाच्या शेवटी साधारण १८४ वर्गणीदार होतात, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी २८३, तिसऱ्याच्या शेवटी ३३७. पहिल्या वर्षाचा वेग बघून कोणी सरळ रेघ ओढली आणि तिसऱ्या वर्षी साडेपाचशे होतील असं धरून घर बदललं, तर पुढे काय होणार हे उघड आहे. पहिल्या वर्षाचा वेग हा नेहमी सर्वांत फसवा वेग असतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायला हव्यात. एक, गळती सगळ्यांची सारखी नसते. नवे लोक पहिल्या दोन-तीन महिन्यांत जास्त जातात. जे वर्षभर टिकले ते सहसा पुढेही टिकतात. म्हणून सगळ्यांची एकत्र सरासरी काढण्यापेक्षा अमुक महिन्यात आलेल्या तुकडीतले आज किती उरलेत हे बघणं जास्त शहाणपणाचं. दोन, आकडे लहान असताना टक्केवारी उड्या मारते. चाळीस वर्गणीदारांतले दोन गेले तर ५ टक्के, चार गेले तर १०. एका महिन्याच्या आकड्यावर झोप उडवून घेऊ नये. तिमाहीची सरासरी बघावी.

'हजार खरे चाहते पुरेत' असं म्हणतात ना?

म्हणतात. २००८ मध्ये अमेरिकी लेखक केव्हिन केली यांनी ही कल्पना मांडली आणि ती जगभर पसरली. वर्षाला प्रत्येकी १०० डॉलर मिळवून देणारे हजार खरे चाहते मिळाले तर कलावंताला वर्षाला एक लाख डॉलर मिळतात आणि तेवढ्यात जगता येतं, असा तो हिशेब. यानं अनेकांना धीर दिला, आणि तो चुकीचाही नाही. फक्त ऐकणाऱ्यांच्या डोक्यात तो अर्धाच उरतो. हजार हे एकदा गाठायचं शिखर आहे असं त्यांना वाटतं.

महिन्याला ५ टक्के गळती असेल तर हजारांतले ५० दर महिन्याला जातात. म्हणजे हजारावर नुसतं उभं राहायला महिन्याला ५० नवे वर्गणीदार लागतात, वर्षाला ६००. फुकट वाचणाऱ्या नव्या शंभरांतले तिघे पैसे देणारे होतात असं धरलं, तर त्या ५० साठी महिन्याला जवळपास १,७०० नवे वाचक हवेत. शंभरात एकच होत असेल तर ५,०००. आणि हे सगळं वाढीसाठी नाही, आहे तिथे राहण्यासाठी.

'खरा चाहता' या शब्दांत केली यांनी ही अडचण गृहीत धरून सोडवली आहे: खरा चाहता जात नाही. तसे चाहते असतात, पण तुमच्या यादीतल्या प्रत्येकाला त्यांत मोजू नका. काहीजण कुतूहलानं येतात, काहीजण एकाच लेखासाठी, काहीजण तुम्हाला एकदा मदत करावी म्हणून. त्यांचं जाणं हा तुमचा अपमान नसतो.

फुकट सगळं मिळत असताना पैसे कोण देईल?

हा प्रश्न सर्वांत आधी येतो आणि त्याचं उत्तर बरेच लोक "दर्जेदार कंटेंट" असं देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. दर्जेदार असूनही फुकट मिळणाऱ्या गोष्टींना तोटा नाही.

माणसं वर्गणी भरतात त्याची कारणं मला तरी चार दिसतात. तुमच्यामुळे त्यांचा वेळ किंवा पैसा वाचतो: कोणीतरी शंभर अहवाल वाचून त्यांतलं कामाचं तेवढं दर आठवड्याला हातात देतं. किंवा तुमच्याबरोबर ते काहीतरी शिकत असतात आणि मध्ये सोडायचं नसतं. किंवा तुमच्याभोवती जमलेल्या माणसांत त्यांना बसायचं असतं. अशा वेळी ते पैसे तुमच्या लेखापेक्षा त्या सोबतीचे असतात. आणि चौथं, हे काम जगात राहावं एवढ्यासाठीच. या चौथ्या प्रकारचे लोक तुमचा मजकूर बंद दाराआड नसला तरी पैसे देतात. बातमीदारी करणारी काही माध्यमं सगळं खुलं ठेवूनही वाचकांच्या पैशावर चालतात. ब्रिटनचं 'द गार्डियन' हे त्यांतलं सर्वांत ठळक उदाहरण.

यांतलं कोणतं कारण तुमच्या वर्गणीदारांना लागू आहे हे माहीत नसेल तर पुढचे सगळे निर्णय अंदाजपंचे होतात. वेळ वाचतो म्हणून आलेल्या माणसाला आठवड्यातून पाच लांबलचक लेख पाठवले तर तो वैतागून जाईल. सोबतीसाठी आलेल्याला लेख वाढवून काय मिळणार?

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे सगळं आणखी फुकट होईल, असा पुढचा प्रश्न असतो. सर्वसाधारण माहितीच्या बाबतीत तसं होतंच आहे. "अमुक म्हणजे काय" असल्या लेखांवर वर्गणी मागायचे दिवस गेले असं समजून चालावं. जे प्रत्यक्ष जाऊन पाहावं लागतं, ज्याच्यासाठी कोणाशी तरी बोलावं लागतं, किंवा चुकलं तर ज्याखाली तुमचं नाव असतं, त्याची गोष्ट वेगळी.

फुकट काय ठेवायचं?

थोडक्यात: जे दुसऱ्याला पाठवावंसं वाटेल ते खुलं ठेवायचं, जे पुन्हापुन्हा उघडून वापरायचं असेल ते वर्गणीदारांसाठी. खुला मजकूर म्हणजे टाकीचा नळ. तो बंद करून सगळंच कुलपात ठेवणारे लोक आधीच्या वर्गणीदारांना खूश ठेवतात, आणि हळूहळू आटत जातात.

दिलेल्या पैशांतले हातात किती पडतात?

मंचाचा वाटा हा एकच आकडा बघून लोक निर्णय घेतात. सबस्टॅक १० टक्के घेतं. पॅट्रिऑननं नव्यानं येणाऱ्यांसाठी २०२५ पासून १० टक्के ठरवले. ओन्लीफॅन्स २० टक्के घेतं, यूट्यूबच्या सदस्यत्वात निर्मात्याला ७० टक्के मिळतात. घोस्टसारखी व्यवस्था वाटा न घेता ठरावीक भाडं घेते. पण याशिवाय कार्डावरून पैसे वळते करणाऱ्या कंपनीचं शुल्क असतं, आणि त्यात एक भाग टक्क्यांत असतो तर एक भाग प्रत्येक व्यवहारामागे ठरलेला. हा ठरलेला भाग छोट्या वर्गणीला खाऊन टाकतो.

स्ट्राइप या कंपनीचा अमेरिकेतला सर्वसाधारण दर धरू: २.९ टक्के अधिक ३० सेंट. मंचाचे १० टक्के मिळवून एक डॉलरच्या वर्गणीतून जवळपास ४३ सेंट जातात. पाच डॉलरच्या वर्गणीतून सुमारे ९५ सेंट, म्हणजे १९ टक्के. वर्षाचे एकदम ५० डॉलर घेतले तर पावणेसात डॉलर, म्हणजे साडेतेरा टक्के. "वर्गणी अगदी कमी ठेवू, म्हणजे जास्त लोक येतील" हा विचार इथेच अडखळतो. एक डॉलरवाले पाच मिळवलेत तरी एका पाच डॉलरवाल्याएवढं हातात येत नाही, आणि सांभाळायची माणसं पाच.

वर्गणीदार फोनच्या अॅपमधून पैसे भरत असेल तर आणखी एक वाटेकरी येतो. अॅपलच्या आग्रहामुळे पॅट्रिऑनला नोव्हेंबर २०२४ पासून आयफोनच्या अॅपमधली नवी सदस्यत्वं अॅपलच्या वसुलीतून घ्यावी लागली, आणि अॅपलचा वाटा ३० टक्के. पुढे २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर अमेरिकेत अॅपबाहेर पैसे भरण्याची वाट मोकळी झाली. निर्मात्याच्या हातात एवढंच राहतं की वर्गणीदाराला ब्राउझरमधून पैसे भरायला सांगावं.

मग कर. पगारातून तो आधीच कापलेला असतो, वर्गणीतून नसतो. आलेली सगळी रक्कम आपली समजून खर्च केली की वर्षाच्या शेवटी धक्का बसतो. दुसऱ्या देशांतल्या वर्गणीदारांच्या बाबतीत त्या देशाचा करही लागू शकतो. युरोपीय संघात २०१५ पासून डिजिटल सेवांवर ग्राहकाच्या देशाच्या दरानं व्हॅट लागतो. काही मंच हा कर स्वतः गोळा करून भरतात, काही ते काम तुमच्यावर सोडतात. मंच निवडताना वाट्याच्या टक्क्यांइतकीच ही चौकशी महत्त्वाची आहे.

महिन्याची वर्गणी की वर्षाची?

दहा महिन्यांच्या पैशांत बारा महिने, ही सवलत सगळीकडे दिसते. दोन महिने फुकट देणं अनेक नवख्यांना जड वाटतं. पण गळती हिशेबात धरली तर चित्र उलटतं. महिन्याला ५ टक्के गळती असताना दरमहा भरणारा सरासरी माणूस पहिल्या वर्षात साडेनऊपेक्षाही कमी, नेमकं सांगायचं तर ९.२ हप्ते भरतो. कारण वर्ष संपेपर्यंत शंभरांतले ५४ च उरलेले असतात. म्हणजे दोन महिन्यांची "सवलत" देऊन तुम्हाला जास्तच मिळतं. गळती १० टक्के असेल तर तो सरासरी माणूस ७.२ हप्तेच भरतो. गळती २ टक्क्यांइतकी कमी असेल, तेव्हा मात्र दरमहाचे जवळपास पावणेअकरा हप्ते मिळून वार्षिक सवलत तोट्याची ठरते.

पण वार्षिक वर्गणीत दोन काटे आहेत. आज आलेले बारा महिन्यांचे पैसे आज तुमचे नसतात. त्यातला एक भाग या महिन्याचा. उरलेले अकरा भाग म्हणजे अजून न केलेल्या कामाची उचल. तुम्ही मध्येच काम थांबवलं तर ती परत करावी लागू शकते. म्हणून वार्षिक वर्गणी वेगळ्या खात्यात टाकून दरमहा बारावा हिस्सा स्वतःला पगारासारखा द्यावा. दुसरा काटा नूतनीकरणाचा. महिन्याची छोटी रक्कम लक्षात न येता जाते. वर्षाची मोठी रक्कम कापली जाताना माणूस थांबून विचार करतो. पहिल्या वर्षी एखाद्या सवलतीच्या आठवड्यात दोनशे जण एकदम आले असतील, तर पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात त्यांतले बरेच एकदम जातात.

गळती कुठून होते?

सर्वांत सोपी गळती कोणी ठरवून न केलेली. कार्डाची मुदत संपते, बँक व्यवहार नाकारते, नवं कार्ड येतं आणि जुन्या वर्गण्या बंद पडतात. या माणसाला जायचंच नव्हतं. पुन्हा काही दिवसांनी वसुलीचा प्रयत्न करणं, "तुमचं कार्ड चाललं नाही" असं साधं पत्र पाठवणं हे बहुतेक मंचांवर आपोआप होतं, पण त्या पत्राचा मजकूर कोरडा यंत्रछाप असतो. तो आपल्या आवाजात लिहिला तर फरक पडतो. या कामाला एक दुपार लागते.

दुसरी गळती पहिल्या महिन्यातली. माणूस एका लेखासाठी पैसे भरून आत येतो आणि आत काय आहे हे त्याला कोणी दाखवत नाही. वर्गणी भरल्याच्या दिवशी जुन्या साठ्यातल्या चार-पाच सर्वोत्तम गोष्टी एकत्र करून पाठवल्या, तर पहिल्याच दिवशी त्याला आपले पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. दोन वर्षांच्या कामाचा साठा ही तुमची सर्वांत मोठी ठेव असते आणि ती धूळ खात पडते.

तिसरी गळती मला सर्वांत रंजक वाटते, कारण तिचा उपाय अंतःप्रेरणेच्या विरुद्ध आहे. लोक जाऊ लागले की निर्माते घाबरून जास्त पाठवू लागतात. आठवड्याला एकाचे तीन लेख होतात. पण जाणाऱ्याच्या मनात अनेकदा "कमी मिळालं" ही भावना नसतेच. "माझं वाचून होत नाही, उगाच पैसे जाताहेत" ही असते. न वाचलेल्या पत्रांचा ढीग बघून माणसाला अपराधी वाटतं आणि तो त्या अपराधीपणातून सुटतो, वर्गणी बंद करून. त्याच्यावर ढीग वाढवणं हे औषध नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या लांबीचं, पूर्ण वाचून होईल असं काहीतरी येणं जास्त उपयोगी पडतं.

जाणाऱ्याला एक प्रश्न विचारावा, उत्तर ऐच्छिक ठेवावं, आणि दार उघडं सोडावं. बंद करायचं बटण लपवण्याचे प्रकार करू नयेत. त्यानं गळती एक महिना पुढे जाते, आणि परत येण्याची शक्यता असलेला माणूस कायमचा तुटतो.

वेगवेगळ्या दरांच्या पायऱ्या ठेवाव्यात का?

दोन किंवा फार तर तीन. त्यापुढे प्रत्येक पायरीसाठी काहीतरी वेगळं द्यावं लागतं, आणि इथे लोक स्वतःला खड्ड्यात घालतात. वरच्या पायरीला "दर महिन्याला २० मिनिटं व्यक्तिशः गप्पा" असं लिहिताना त्या पायरीवर तिघंच असतात. ते साठ झाले की महिन्याचे २० तास गेले, वेळा जुळवण्याची कटकट वेगळी. यश मिळालं म्हणून मूळ काम बंद पडलं, असं होतं. टपालानं वस्तू पाठवण्याच्या वचनाचंही तसंच: वेष्टन, टपालखर्च, हरवलेली पाकिटं.

वचन देताना एकच प्रश्न पुरतो: वर्गणीदार दसपट झाले तर या कामाला दसपट वेळ लागेल का? मसुदे आधी वाचायला देणं, महिन्यातून एकदा सगळ्यांना मिळून प्रश्नोत्तरं, जुना साठा खुला करणं यांना दहा माणसांसाठी जेवढा वेळ लागतो तेवढाच हजारांसाठी.

दर वाढवण्याची भीतीही अवास्तव असते. २० टक्के दर वाढवला आणि त्यामुळे १० टक्के लोक गेले, तरी उत्पन्न ८ टक्के वाढतं. जुन्या वर्गणीदारांना जुनाच दर ठेवला तर तेवढेही जात नाहीत, शिवाय थांबण्याचं त्यांना एक कारण मिळतं. मात्र न सांगता वाढवू नये. डिसेंबर २०१७ मध्ये पॅट्रिऑननं व्यवहाराचं शुल्क थेट पैसे देणाऱ्यांवर टाकायचं जाहीर केलं, तेव्हा छोट्या रकमा देणारे पटापट बाहेर पडू लागले आणि कंपनीला काही दिवसांतच निर्णय मागे घेऊन माफी मागावी लागली. त्या वेळी नुकसान झालं ते ज्यांनी काहीच ठरवलं नव्हतं त्या निर्मात्यांचं.

मंचच बंद पडला तर?

पडतात. ट्विटरनं जानेवारी २०२१ मध्ये रिव्ह्यू हे वृत्तपत्रिकेचं साधन विकत घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद केलं. फेसबुकनं २०२१ मध्ये सुरू केलेलं बुलेटिनही २०२३ च्या सुरुवातीला गुंडाळलं. मोठ्या कंपन्यांच्या पाठबळावर या दोन्ही गोष्टी दोन वर्षंही धड जगल्या नाहीत.

बंद न पडताही नियम बदलतात. ऑगस्ट २०२१ मध्ये ओन्लीफॅन्सनं उघड लैंगिक चित्रणावर ऑक्टोबरपासून बंदी घालत असल्याचं जाहीर केलं. त्याच आशयावर तिथल्या असंख्य लोकांची रोजीरोटी होती. कंपनीच्या प्रमुखांनी बोट बँकांकडे दाखवलं, आणि आठवडा पुरा होण्याआधी निर्णय स्थगित झाला. त्यातून एवढं दिसलं की निर्माता मंचावर अवलंबून असतो आणि मंच पैसे वाहणाऱ्या बँकांवर.

म्हणून मंच निवडताना विचारायचा प्रश्न असा: उद्या इथून निघालो तर बरोबर काय नेता येईल? सबस्टॅकवर वाचकांच्या ईमेल पत्त्यांची यादी उतरवून घेता येते आणि वसुलीचं स्ट्राइप खातं तुमच्या नावावर असतं, त्यामुळे चालू वर्गण्यांसकट घर हलवता येतं. पॅट्रिऑनवर पत्ते मिळतात, पण वसुली त्यांच्यामार्फत होते, म्हणून प्रत्येकाला नव्या जागी पुन्हा कार्ड भरायला सांगावं लागतं. यूट्यूबचं सदस्यत्व घेणाऱ्यांचे ईमेल पत्ते तुम्हाला मिळतच नाहीत. फॉलोअरच्या आकड्याचं अप्रूप मला यामुळेच वाटत नाही. तो आकडा हलवता येत नाही. पत्त्यांची यादी दर महिन्याला उतरवून आपल्याकडे ठेवावी.

आणि मी आजारी पडलो तर?

पगारी माणसाला रजा असते. वर्गणीवर जगणाऱ्याला वाटतं, एक आठवडा चुकला तर सगळे जातील. मुळात वर्गणी ठरवतानाच वर्षाला बावन्न अंकांचं वचन देऊ नये. चाळीस-बेचाळीस म्हणावं आणि सुट्ट्या आधी जाहीर कराव्यात. दोन-तीन अंक कधीही निघतील असे तयार ठेवावेत. मोठा खंड पडणार असेल तर पॅट्रिऑन आणि सबस्टॅक दोन्हीकडे वसुली थांबवून ठेवण्याची सोय आहे. काम नाही तेव्हा पैसेही नाहीत असं स्पष्ट केलं की लोक सहसा थांबतात. काही न सांगता गायब होऊन पैसे मात्र कापत राहणं, यानं जेवढी माणसं जातात तेवढी कशानंच जात नाहीत.

मग नोकरी कधी सोडायची?

या क्षेत्रात कमाई फार विषम आहे. वरच्या मूठभरांकडे मोठा वाटा जातो आणि बहुतेकांना जोडउत्पन्नापुरतंच मिळतं. त्यांची उदाहरणं दिसत नाहीत, कारण "यंदाही जोडउत्पन्नच" अशी घोषणा कोणी करत नाही. जोडउत्पन्न म्हणून हे उत्तम आहेच. पूर्ण वेळ उतरायचं असेल तर आजचा वर्गणीदारांचा आकडा बघू नका, माथा काढा. गेल्या सहा महिन्यांत दरमहा सरासरी किती नवे आले, गळती किती, त्यांचा भागाकार. त्याला शुल्क आणि कर वजा जाता एका वर्गणीदारामागे उरणाऱ्या रकमेनं गुणा. येणारी रक्कम तुमचा घरखर्च भागवत नसेल, तर आज आकडा कितीही वेगानं वाढताना दिसो, तो तिथे पोचणार नाही. आधी नळ किंवा भोक यांतलं काहीतरी बदलावं लागेल.

भागवत असेल, तरी दोन अटी मी घालेन. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, आणि तो वार्षिक वर्गणीच्या उचलीतून आलेला नसावा. आणि वार्षिक वर्गणीदारांच्या पहिल्या मोठ्या तुकडीचं नूतनीकरण होऊन जावं. त्या महिन्याआधी तुमच्याकडे जो गळतीचा दर असतो तो अर्धवट असतो. वार्षिकवाल्यांना मध्ये जाण्याची संधीच नसल्यामुळे तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो. राजीनाम्याचं पत्र तो महिना पार पडल्यावर लिहिता येतं.